जुना भोंगा वेळेवर वाजेल का?

शेतावर राखणदार कशासाठी ठेवतात? आपण झोपलो असताना त्याने जागे राहावे म्हणून. बांधीत धान पिकून उभे असते. रात्री रानडुकरांचा कळप येतो. मचाणावरचा राखणदार डबा वाजवतो, हाका मारतो. मग डुकरे पळतात आणि धान वाचते. पण राखणदार झोपला असेल तर? किंवा त्याला ऐकूच येत नसेल तर? मग तो मचाणावर असून नसून सारखाच. उलट नुकसान जास्त, कारण त्याच्या भरवशावर आपण निश्चिंत झोपलेले असतो.

आता घराचे राखणदारही बाजारात मिळतात. हाताच्या पंजाएवढी डबी असते. कोणती डबी धूर ओळखते, कोणती स्वयंपाकाचा गॅस ओळखते, कोणती विषारी हवा ओळखते. धोका आला की डबी मोठ्याने ओरडते. तिला अलार्म म्हणतात. आपण तिला भोंगा म्हणू.

नागपूरला किंवा पुण्याला कामाला असलेला मुलगा असा भोंगा घरी आणून देतो. चार दिवस तो भिंतीवर राहतो. चुलीचा धूर लागला की तो बोंबलतो. आजी म्हणते, "काढ बापा ते, कान किटले." मग त्यातला सेल निघतो, भोंगा पेटीत जातो. पाच-सात वर्षे तिथेच पडून राहतो. पुढे कधीतरी तो हाती लागतो आणि आपण म्हणतो, "हा तं वापरलाच नाही. नवाच आहे. लावून टाकू."

हा भोंगा खरेच नवा आहे का? त्याच्या भरवशावर लेकरे झोपवावी का? याचाच आज विचार करू.

दिसत नाही असा वैरी

आधी हा भोंगा कशासाठी लागतो ते पाहू.

जुलै २०२१ मधली गोष्ट आहे. चंद्रपूर शहराला लागून दुर्गापूर आहे. तिथल्या एका घरात रात्री वीज गेली, म्हणून जनरेटर लावला. घरची माणसे झोपली. सकाळी एकाच कुटुंबातली सहा माणसे मेलेली आढळली. घराला आग लागली नव्हती, कोणी काही खाल्ले नव्हते, साप चावला नव्हता. जनरेटरचा विषारी वायू रात्रभर घरात साठत गेला होता.

या वायूला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, डिझेल, काहीही जळताना पुरती हवा मिळाली नाही की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत. खोकला येत नाही. म्हणून माणसाला तो कळत नाही.

आपल्या रक्ताचे एक मोठे काम आहे. ते फुप्फुसातला प्राणवायू उचलते आणि अंगभर पोचवते. हा विषारी वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्टपणे रक्ताला चिकटतो. बैलगाडीत आधीच दगड भरले तर धानाची पोती कुठे ठेवणार? तसेच रक्ताचे होते. प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळतात. मग झोप येते. झोपलेला माणूस उठत नाही.

हा वायू फक्त जनरेटरमधून येतो असे नाही. पौष महिन्यात थंडी वाढली की आपण कोळशाची शेगडी घरात घेतो आणि दार लावून झोपतो. बाळंतिणीच्या खोलीत तर शेगडी असतेच. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्याही कोंबतात. माया चांगली, पण रीत जिवावरची. वारा येत नाही आणि विष बाहेर जात नाही. तान्ह्या बाळाला तर सांगताही येत नाही.

कोळशाच्या खाणीतल्या लोकांना या वायूची ओळख फार जुनी. ब्रिटनमध्ये खाणीत जाताना पिंजऱ्यात कॅनरी नावाचा लहान पिवळा पक्षी नेत. जॉन हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने ही युक्ती सुचवली होती. पक्ष्याचा जीव लहान आणि श्वास जलद, म्हणून विषारी हवा त्याला माणसाच्या आधी लागे. पक्षी दांडीवरून पडला की माणसे बाहेर धावत. १९८६ साली तिथे पक्षी नेणे बंद करून यंत्रे घेण्याचे ठरले. बल्लारपूर, माजरी, घुग्घुस इकडे कोळशाच्या खाणी आहेत. खाणीत हवा तपासायला आता यंत्रेच असतात. आणि त्या यंत्रांचीही ठरलेल्या वेळी तपासणी करावी लागते. यंत्र आहे, एवढ्यावर खाणीत कोणी भरवसा ठेवत नाही. मग घरात का ठेवावा?

भोंग्याचे नाक आणि भोंग्याचा घसा

भोंगा कसा चालतो ते समजले, तर जुन्या भोंग्याचे काय करायचे ते आपोआप कळेल.

माणसासारखेच त्याला अवयव असतात. एक त्याचे नाक. धूर किंवा वायू ओळखणारा भाग तो हाच. दुसरे डोके. नाकाने दिलेली खबर ते समजून घेते. तिसरा घसा. त्यातून आवाज निघतो. चौथे पोट. तिथे सेल असतो किंवा विजेची तार येते. चारही ठीक असतील तरच भोंगा कामाचा.

भोंग्यावर एक बटण असते. दाबले की तो ओरडतो. पुष्कळ लोक बटण दाबून पाहतात आणि म्हणतात, "वाजला ना! काहून नाही चालणार?"

इथेच फसगत होते. बटण दाबल्यावर पोट आणि घसा ठीक आहेत एवढे कळते. सेलमध्ये जोर आहे आणि आवाज निघतो. पण नाकाला वास येतो की नाही, हे बऱ्याच भोंग्यांत बटणाने कळत नाही. बटण दाबताना तिथे धूर नसतो, वायूही नसतो. मग नाकाची परीक्षा कशी होणार? म्हाताऱ्या कुत्र्याला काठीने डिवचले तर ते भुंकते. पण रात्री चोर आला तर त्याला त्याचा वास येईल का? तो प्रश्न वेगळा.

म्हणून ध्यानात ठेवा. बटण दाबून भोंगा वाजला नाही, तर तो नक्की बिघडला आहे. पण वाजला, तर तो नक्की चांगला आहे असे नाही.

न वापरलेले जुने होते का?

तुम्ही म्हणाल, "वापरलाच नाही तर नाक झिजेल कसे? कुदळ न वापरता ठेवली तर ती काय झिजते?"

कुदळीचे ठीक आहे. पण बियाण्याचे पाहा. चार वर्षांपूर्वीचे धानाचे बी कोठीत आहे. कोणी वापरले नाही. दिसायला सोन्यासारखे आहे. ते पेरावे का? जाणता शेतकरी तसे पेरत नाही. तो शंभर दाणे मोजतो, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो आणि किती दाण्यांना मोड आले ते मोजतो. कारण त्याला ठाऊक आहे, बी ठेवल्या जागीच म्हातारे होते. दाणा तसाच दिसतो, पण आतला जीव जातो.

भोंग्याचे नाक बियाण्यासारखे आहे, कुदळीसारखे नाही.

विषारी वायू ओळखणाऱ्या बऱ्याच भोंग्यांत रसायन भरलेली लहान कुपी असते. ते रसायन दिवसेंदिवस मंद होते, सुकते. कारखान्यातून निघाल्या दिवसापासून त्याचे वय मोजले जाते. तो भिंतीवर असो की पेटीत असो, वय वाढतेच.

त्यात आपला मुलूख. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखाली पेटी म्हणजे भट्टीच. पुढे चार महिने पावसाची ओल. तारांच्या जोडांना गंज चढतो. कोळी जाळे करतो, झुरळे आत शिरतात. धुराच्या भोंग्यात हवा जायला बारीक फटी असतात. त्या धुळीने आणि काजळीने बुजतात. मग धूर आत जाणारच कसा?

आणि सेल आत राहून गेला असेल तर पाहायलाच नको. जुन्या टॉर्चमध्ये सेल विसरले की पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखी दिसते ना? ते सेलमधून गळलेले रसायन. ते आतल्या पट्ट्या खाऊन टाकते.

तारीख वाचा

आता आपल्याला वाचता येते. त्याचा उपयोग इथे करायचा.

भोंगा उलटा करा. मागे एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर तो कधी बनवला, ते छापलेले असते. पुष्कळ भोंग्यांवर कधी बदलायचा तेही असते. अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. भिऊ नका. आकडे ओळखले तरी काम होते. वीसने सुरू होणारा चार आकड्यांचा सन शोधा. शंका वाटली तर शाळेतल्या मुलीला विचारा.

मग हिशेब करा. घेतल्याची तारीख धरू नका, बनवल्याची धरा. दुकानातच तो दोन वर्षे पडून असेल तर ती दोन वर्षेही त्याच्या वयात मोजायची.

धूर ओळखणारा भोंगा बनवल्यापासून १० वर्षांनी बदलावा. विषारी वायू ओळखणारा भोंगा कोणता ५ वर्षे, कोणता ७, कोणता १० वर्षे टिकतो. डबीवर लिहिले असेल ते खरे. गॅस ओळखणाऱ्या भोंग्याचे आयुष्य धुराच्या भोंग्यापेक्षा कमी असते. तिथेही डबीवरची तारीख पाहा. तारीख उलटली असेल, तर बटण दाबून तो कितीही मोठ्याने वाजो, तो बाद झाला. तारीखच दिसत नसेल किंवा पुसली असेल, तरी बादच समजा. गाय घेताना दात पाहतो ना आपण? दात दाखवत नाही ती गाय कोण घेईल?

तारीख शिल्लक असेल, तर फटीतली धूळ मऊ फडक्याने पुसा. नवा सेल घाला. बटण दाबा. वाजला तर लावा, आणि दर महिन्याला एकदा बटण दाबून पाहा. पौर्णिमेचा दिवस ठरवला तर विसर पडत नाही.

कोणी म्हणेल, "नाकाचीच परीक्षा घेऊन पाहतो. शेगडी पेटवतो आणि भोंगा वाजतो का पाहतो." असे कधीही करू नका. भोंगा मेलेला असेल, तर त्याच्याबरोबर तुम्हीही मराल. तसेच गॅसचा भोंगा पाहण्यासाठी शेगडीची चावी उघडी सोडू नका. एका ठिणगीने घर उडेल. दीडदोन हजारांची वस्तू तपासायला जीव पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

कोणता भोंगा कोणासाठी

आणखी एक चूक होते. भोंगा चांगला असतो, पण काम चुकीचे दिलेले असते.

धुराच्या भोंग्याला धूर कळतो. विषारी वायू त्याला कळत नाही. कोळसा लाल झाला की धूर थांबतो, पण विषारी वायू निघतच असतो. अशा वेळी धुराचा भोंगा गप्प राहील. तो बिघडला म्हणून नव्हे. ते त्याचे कामच नव्हे.

जागाही महत्त्वाची. धूर वर चढतो, म्हणून धुराचा भोंगा छताला लावतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा खाली पसरतो. म्हणून सिलिंडरच्या गॅसचा भोंगा भिंतीवर खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर लावतात. विषारी वायूचा भोंगा झोपायच्या खोलीत किंवा तिच्याजवळ हवा. चुलीच्या डोक्यावर कोणताच भोंगा लावू नका. तो रोज बोंबलेल आणि पुन्हा पेटीत जाईल.

गॅस आला तसे आणखी दोन ठिकाणी तारखा वाचायला शिका. सिलिंडरच्या वरच्या कड्याला खाली जोडणाऱ्या पट्ट्या असतात. एका पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी किंवा डी यांतले एक इंग्रजी अक्षर आणि पुढे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी म्हणजे सप्टेंबरपर्यंत, डी म्हणजे डिसेंबरपर्यंत. आकडे म्हणजे सन. बी आणि २८ असेल तर जून २०२८ पर्यंत ते सिलिंडर चालेल. नंतर त्याची पुन्हा तपासणी व्हायला हवी. मुदत संपलेले सिलिंडर गाडीवाल्याकडून घेऊच नका. दुसरी तारीख गॅसच्या नळीवर असते. नळी ५ वर्षांनी बदलावी. गॅस गळतो आहे असे वाटले, तर विजेचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. चावी बंद करा, दारे उघडा, बाहेर या आणि १९०६ या नंबरवर फोन करा.

शेतावरचा भोंगा

आपल्याकडे जंगलाकाठच्या शेताला सौर कुंपण घालतात. त्याच्या यंत्राला लोक झटका मशीन म्हणतात. ती तारेत थोड्या थोड्या वेळाने क्षणभर झटका सोडते. जनावर दचकून मागे जाते, मरत नाही. पुष्कळ मशिनींना भोंगाही असतो. तार तुटली की तो वाजतो. जंगलाकाठच्या गावांना अशा कुंपणासाठी शासनाच्या जन-वन विकास योजनेतून मदत मिळते.

ही मशीनही हंगाम संपला की कोपऱ्यात पडते. तिच्या बॅटरीचे नाक-घशासारखेच आहे. वर्ष-दोन वर्षे चार्ज न करता पडून राहिलेली बॅटरी आतून मरते. पुढच्या साली आपण मशीन लावतो, दिवा लुकलुकतो, आपल्याला वाटते चालू आहे. पण रात्री झटका निघत नाही आणि भोंगाही निघत नाही. पहाटे पाहावे तर बांधी सपाट. वाघाच्या भीतीने कुंपण घातले असेल, तर पिकापेक्षाही मोठी गोष्ट पणाला लागते.

म्हणून पेरणीआधी मशीन काढा. बॅटरी पूर्ण चार्ज करून दोन दिवस ठेवा आणि दुकानात तपासून घ्या. तारेला टेकलेले गवत कापा. मशीन बंद करून तारेचे एक टोक सोडा, दूर व्हा, मग मशीन चालू करा. भोंगा वाजला पाहिजे. बॅटरी मेली म्हणून खांबावरची वीज थेट तारेला जोडू नका. त्याने माणसे मरतात, वाघ मरतात आणि जोडणारा तुरुंगात जातो.

भोंगा नसेल तर

आमचे म्हणणे असे नाही की प्रत्येकाने आजच भोंगा विकत घ्यावा. भोंगा धोका सांगतो, धोका हटवत नाही. धोका हटवणारी वस्तू प्रत्येक घरात आहे आणि ती फुकट आहे. ती म्हणजे उघडी खिडकी.

शेगडीवर शेकायचे तर दार-खिडकी थोडी उघडी ठेवून शेका. झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर काढा. निखारे राखेने झाकून शेगडी घरातच ठेवली तर भागत नाही; झाकलेला निखाराही विष सोडतो. बाळंतिणीला शेक द्यायचा तर एक माणूस जागे राहो आणि हवा खेळती राहो. ऊब हवी तर एक गोधडी जास्त घाला. जनरेटर घरात, ओसरीत किंवा खिडकीखाली लावू नका. तो अंगणापलीकडे, २० फुटांहून दूर ठेवा. बंद खोलीत दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, गरगरू लागले आणि अंगात ताप नाही, तर करणी-भानामती शोधू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर फोन करा.

बाद झालेला भोंगा फोडू नका, जाळू नका, मुलांना खेळायला देऊ नका. काही धुराच्या भोंग्यांत किरण सोडणारा पदार्थ अगदी थोडा असतो. भोंगा बंद आहे तोवर त्याचा त्रास नाही. फोडला तर होऊ शकतो. जुने विजेचे सामान घेणाऱ्या ई-कचरा केंद्राला तो द्या. तोवर त्याच्यावर फुली मारून ठेवा, म्हणजे घरातले दुसरे कोणी तो चांगला समजून लावणार नाही.

मेलेला राखणदार मचाणावर बसवून ठेवण्यापेक्षा मचाण रिकामे बरे. रिकामे मचाण दिसले की माणूस स्वतः जागा राहतो.

विचार करा आणि सांगा

१. बटण दाबल्यावर भोंगा वाजला. त्याचे नाक चांगले आहे असे म्हणता येईल का? का?

२. एका भोंग्यावर २०१४ मध्ये बनवल्याचे लिहिले आहे. तो धुराचा आहे. तो किती सालापर्यंत वापरावा?

३. सिलिंडरवर डी आणि २७ लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

४. तुमच्या घरी रात्री शेगडी कुठे ठेवतात? आज घरी जाऊन पाहा आणि उद्या वर्गात सांगा.